मागचे ब्रेक, दसऱ्याच्या आठवड्यात

२९ सप्टेंबर, सोमवार
लिहावं लागतंय, कारण मागे आम्ही नवरा-बायकोने क्लच काढला तेव्हा कोण काय म्हणालं यावर घरात अजून वाद आहे. या वेळी लेखी.
मुग्धाला कळवणच्या सरकारी दवाखान्यात नेमणूक. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं. घरची जुनी गाडी मागते आहे. ब्रेक दाबला की मागून खरखर. सांगितलं: मागचे पॅड आणि डिस्क, दोन्ही बाजूंना नवीन. काम मी करणार. मनासारखं झालं तर गाडी तुझी, नाहीतर एसटी. वाटेत घाट आहे.
"आई, तू लेकीला पाठवतेयस की माल?"
अंबडच्या कारखान्यात जन्मभर माल तपासला. माझ्या सहीचा एकही परत आला नाही.

३० सप्टें., मंगळ
सुटे भाग आणले. श्री. (आमचे हे) गॅरेजला देऊ म्हणाले. एकदाच म्हणाले.
गाडी मागून उचलून लोखंडी घोड्यांवर, चाकं बाहेर. पॅड झिजून पत्रा डिस्कला घासत होता. डावी डिस्क गंजून बसलेली. हातोडा. प्रत्येक ठोक्याला श्री.चं "सावकाश". निघाली शेवटी. उजवी उद्या.

१ ऑक्टो., बुध
खंडेनवमी विसरले. हातोडा, पाने, जॅक सगळं पाटावर, वर झेंडूची फुलं. श्री. म्हणाले आज हत्याराला हात लावायचा नाही, आणि उद्या दसरा, म्हणजे उद्याही नाही. मी भडकणार होते. पण पाने त्यांनी इतके लख्ख पुसलेले, की...

२ ऑक्टो., दसरा
सोनं द्यायला सगळी बिल्डिंग. गाडीला हार घातला. लिंबं चाकाखाली ठेवायची, तर मागे चाकंच नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, हिला प्रसूतीला घातलंय का. मलाही हसू आवरलं नाही.

३ ऑक्टो., शुक्र
सकाळी उजवी डिस्क एका दमात निघाली. नवीन भागांचा खोका उघडला. डिस्कवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक. पॅडवरही बोटं. मुग्धाचा उद्योग, काल सगळे जेवत असताना.
डिस्क पुसता येते. पॅड तेल पितो, मग धरत नाही. विचारलं, इंजेक्शनच्या सुईला हळद लावून टोचतेस का? पूजा केली म्हणून बोलणी खाणारी नाशकात मी पहिलीच, म्हणे. मग खाली बघत:
"घाटाची मलाही भीती वाटते गं. म्हणून लावलं."
 दुकानात जाऊन दुसरे पॅड आणले. डिस्क पुसल्या.
नवे पॅड बसायला ब्रेकचा पिस्टन आत सरकवावा लागतो, तो जाईना. श्री. जोर लावून लाल. हा दाबायचा नसतो, फिरवत आत न्यायचा, हँडब्रेक त्यालाच जोडलेला. डावा मी फिरवला. उजवा मुग्धाकडून करून घेतला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर. तिला सांगितलं नाही.

५ ऑक्टो., रवि
अंबड. कारखाने बंद, रस्ते मोकळे. मुग्धा चालवायला, मी शेजारी, श्री. मागे चिवडा घेऊन. नवे पॅड बसावेत म्हणून बराच वेळ नुसतं वेग घेणं, हलकेच कमी करणं. खरखर गेली. मग म्हटलं, आता जोरात दाब. गाडी सरळ रेषेत थांबली. चिवडा माझ्या केसांत. तिघंही वेड्यासारखे हसलो. "पुन्हा," मुग्धा म्हणाली. पुन्हा केलं. गरज नव्हती.
पास.

६ ऑक्टो., सोम
सकाळी मुग्धाच्या ताब्यात दिलं: गाडी, कागदपत्रं, हवा भरलेली स्टेपनी, जॅक, चाकाचा पाना, किल्ली एक.
तिने दुसरी किल्ली मागितली. म्हटलं राहू दे माझ्याकडे, मध्येच ब्रेक बघायला यावं लागेल.
"कधी येशील?"
ते ठरलेलं नाही.