आपल्या गाडीने लॅन्सडाउन

१८ डिसेंबर १९८८, रविवार. सकाळी ११.
ठरलं. नाताळच्या सुट्टीत लॅन्सडाउन, आपल्या गाडीने. गाडी सेकंडहँड असली म्हणून काय झालं? ऑफिसात माझ्या सेक्शनमधला अविनाश म्हणाला, पायथ्याच्या कोटद्वारहून वर टॅक्सी कर, यार. त्याला सांगितलं, टॅक्सी पेन्शनरांसाठी असते.
आज हिंदूराव हॉस्पिटलच्या चढावर हाफ-क्लचचा सराव. दिल्लीत पहाड म्हणजे एवढाच. पाचपैकी तीनदा गाडी मागे गेली. मागे एक भाजीवाला उगाच ओरडत होता. एकूण प्रगती उत्तम.

२४ डिसेंबर.
अलकनंदाने विचारलं, तुम्हाला उंचावर चक्कर येते ना? लग्नानंतर कुतुबमिनारच्या अर्ध्या जिन्यातूनच परत फिरलो होतो, ते तिने अजून लक्षात ठेवलंय. तेव्हा बूट चावत होते, हे बायकोला सतरा वेळा सांगून झालं.
पमीने तर सगळ्या वर्गाला सांगून ठेवलंय की आमचे बाबा पहाडात गाडी चालवणार, बिल्कुल डरत नाहीत. अकरा वर्षांची पोर. तिचा शब्द खाली पडता कामा नये.

२८ डिसेंबर. संध्याकाळी ५.
पोचलो! चढ चाळीस किलोमीटर, वेळ पाच तास. पहाड सावकाशच बघायचा असतो.
प्रत्येक वळणावर गाडी मागे सरकायची. मग अलकनंदा उतरून चाकाला दगड लावायची. पुढे पुढे तिने दगड हातातच ठेवला आणि गाडीमागून चालत आली. चालणं तब्येतीला चांगलं.
टुरिस्ट बंगल्यासमोर थांबल्यावर माझी बोटं स्टिअरिंगवरून निघेनात. पमीने एकेक करून सोडवली. थंडी फार आहे.

२९ डिसेंबर. सकाळी ८.
चहा पिताना लक्षात आलं. येताना आपण डावीकडून आलो, डावीकडे डोंगर होता. जाताना पण डावीकडूनच जायचं. म्हणजे दरी आपल्या बाजूला.
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.
ही भीती नव्हे, फक्त माहिती मिळाली. चहा तसाच राहिला.

३१ डिसेंबर. दुपारी १.
निघालो. पहिल्या वळणावर समोरून ट्रक. ब्रेक दाबला. ट्रक गेला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. पाय ब्रेकवरून उचलायचा होता, पण पाय ऐकेना. डावीकडच्या खिडकीतून खाली पाहिलं तर झाडांचे शेंडे.
शेवटी बंगल्याचे मॅनेजर नेगीजी आले. मला बाजूच्या सीटवर सरकवलं आणि गाडी मागे घेत घेत अंगणात आणून लावली. उलटी! त्यांच्यात नम्रता कमी आहे.
पमीला सांगितलं, ब्रेक ऑइलचा प्रॉब्लेम आहे. ती माझ्या पायांकडे बघत होती.
उद्या नक्की.

१ जानेवारी १९८९. सकाळी १०.
दोघी बसने गेल्या. अलकनंदा पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवते, पमीही तिथेच. शाळा उद्या उघडते. मी म्हटलं, गाडी अशी परक्या जागी एकटी सोडता येत नाही. पमीने तीनदा विचारलं, बाबा, नक्की याल ना? म्हटलं, परवा.
बस वळणाआड गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. डिझेलचा धूर.

४ जानेवारी.
थोडं बर्फ पडलं. देव पावला. ऑफिसला तार केली, रस्ता बंद. नेगीजी म्हणाले, साहब, रास्ता तो खुला है। सरकारी नोकरीतल्या बारीकसारीक गोष्टी त्यांना कळत नाहीत.

९ जानेवारी. सकाळी ७.
रोज सकाळी गाडीत बसतो, इंजिन चालू करतो, पंधरा मिनिटांनी बंद करतो. इंजिन गरम ठेवावं लागतं.
पहाटे पुन्हा तेच स्वप्न. पुढचं चाक हवेत, मागच्या सीटवर पमी. ती ओरडत नाही, माझ्याकडे विश्वासाने बघत असते. दरदरून घाम फुटला. याला कारण सुचत नाही. त्या दोघी बसने गेल्या ते बरं झालं.
उद्या मन घट्ट करून उतरायचं.

१४ जानेवारी. संक्रांत.
दुपारच्या बसमधून दोघी उतरल्या! तिळगूळ घेऊन. ब्रेक ऑइलबद्दल कोणी विचारलं नाही. अलकनंदा नेगीजींशी बोलली. त्यांच्या ओळखीचा एक रिटायर्ड फौजी गाडी खाली दिल्लीपर्यंत आणून देणार. मी म्हटलं, मीच आणली असती, पण आता तुम्ही ठरवलंच आहे तर चलो.

१६ जानेवारी. दिल्ली. सकाळी ६.
काल उतरलो. बस थेट दिल्लीची. सरळ बसायचं, बाहेर बघायचं, पमीला दऱ्याखोरी समजावून सांगायची, असा बेत होता. पहिल्या वळणाला मी समोरच्या सीटचा दांडा मिठीत घेतला.
पमीने मला आतल्या बाजूला घेतलं, स्वतः खिडकीशी बसली. गळ्यातला मफलर काढून माझ्या डोळ्यांवर बांधला आणि हात धरला. कानात सांगत राहिली, आता डावं वळण, आता उजवं, आता थोडंच राहिलं. थोडंच राहिलेलं नव्हतं, हे मला कळत होतं.
कंडक्टरने विचारलं, इन्हें दिखता नहीं क्या? पमी म्हणाली, जी नहीं।
कोटद्वार आलं. मफलर काढायला हात वर केला, तर तिने हात खाली ओढला. कुजबुजली, सगळ्यांना खरं वाटलंय, आता दिल्लीपर्यंत असंच बसा. मागची एक म्हातारी तिला म्हणाली, बेटी, बाप का बड़ा ध्यान रखती है।
पुढे मेरठ गेलं, मोदीनगर गेलं. रस्ता ताटासारखा सपाट. मला काही दिसत नव्हतं आणि भीती अजिबात वाटत नव्हती. तरी मी तिचा हात सोडला नाही.