‘जमलं’ म्हणजे तेल जमलं

ती. आत्यास,

तुझ्या तंद्रीचा वाकून नमस्कार. (समोर काचेचे चार पेले भरून ठेवलेत, म्हणून जरा बेतानेच वाकले आहे.) तुझा डावा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो कुरकुरतो की तूच? माझी तब्येत ठीक आहे, म्हणजे शनिवारपर्यंत ठीक होती. शनिवारी कळलं की तू शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंस, धाकट्या काकांचा नवा शर्ट शिवायला टाकलास आणि दोघं मिळून ‘मुलगा’ बघायला येताय. आत्या, मुलगा नाही गं. जे जमलं ते तेल आहे.

आता नीट सांगते, मध्ये बोलू नकोस. (पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून तर फोन न करता जलद टपालाने पत्र पाठवते आहे.) आमच्या प्रयोगशाळेत गेले सात महिने मी केसांना लावायचं एक मिश्रण करते आहे. त्यात तुझं लाडकं एरंडेल हवं, कारण त्याने केस मऊ राहतात. आणि सिलिकॉन हवं, कारण त्याने कंगवा अडकत नाही, केस पिंजारत नाहीत आणि डोकं तेलकटही दिसत नाही. सिलिकॉनला तू ‘बाटलीतलं प्लास्टिक’ म्हणतेस, ठाऊक आहे मला. एरंडेलाचंही मत तेच असावं. दोघं एका पेल्यात घातली की ढवळताना गोडीगुलाबीने फिरतात आणि ढवळणं थांबलं की पाच मिनिटांत वेगळी. वर सिलिकॉन, खाली तेल, मध्ये एक रेघ.

खरं सांगू? ती रेघ बघत बसायला मला फार आवडायचं. दुपारी तीनच्या सुमारास खिडकीतून ऊन येतं, पेल्यातून आरपार जातं आणि टेबलावर पिवळसर उजेड पडतो. तो हळूहळू माझ्या वहीवर सरकतो, मग हातावर चढतो. तेलाचा एखादा थेंब वर सिलिकॉनमध्ये चुकून राहिलेला असतो. तो खाली यायला इतका वेळ घेतो की आपल्याला कुठे जायचंय हेच तो विसरला असावा. मीही त्याच्याबरोबर खाली येते, आणि तळाशी पोचेपर्यंत तुझ्या मागल्या दाराच्या पायरीवर बसलेली असते. तू मागे, मी पुढे, तुझी तेलाची बोटं डोक्यात फिरताहेत आणि माझे डोळे मिटत चाललेत. माझं नाव तंद्री पडलं ते तिथेच. त्या पायरीची मला फार आठवण येते, हे एकदा सरळच सांगून टाकते. (आमचा काटेवाला म्हणतो, थेंब बघण्याचा पगार घेणारी मी जगात एकटीच. काटेवाला म्हणजे शेजारच्या टेबलावर वजनं करणारा. नाजूक काटा हलू नये म्हणून तो श्वास रोखून धरतो. त्याचा या विषयाशी काही संबंध नाही.)

तर, तेल आणि सिलिकॉन या दोघांशीही पटणारा एक तिसरा द्रव असतो. त्याचं खरं नाव मालगाडीएवढं लांब आहे, म्हणून आम्ही त्याला मध्यस्थ म्हणतो. तो तीन टक्केच घालायचा. जास्त झाला की मिश्रणात तोच तेवढा जाणवतो. गेल्या शुक्रवारी तो घातला, किंचित ऊब दिली (युक्ती काटेवाल्याची, पण ते जाऊ दे) आणि शनिवारी सकाळी येऊन बघते तर रेघ नाहीशी! पेल्यात नुसतं ऊन. आनंदाच्या भरात मी प्रयोगशाळेच्या आमच्या मोठ्या बाईंना मेसेज करायला गेले आणि तो गेला आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर: ‘अखेर जमलं! सात महिने दोघं तोंड फिरवून होती. काल मध्यस्थ घातला, ऊब दिली, आज सकाळी बघते तर एकजीव.’

‘आज सकाळी’ वाचून धाकट्या काकू दोन तास गप्प होत्या म्हणे. तू मात्र लगेच विचारलंस, ‘दिसायला?’ मी पेल्यावरची नजर न काढता लिहिलं, ‘पारदर्शक. वास अजिबात नाही.’ तू विचारलंस, ‘स्वभाव?’ मला वाटलं, बाई गुणधर्म विचारताहेत. लिहिलं, ‘मऊ. चिकटपणा नाही. तापवलं तरी फाटत नाही.’ तू लिहिलंस, ‘मग हातचं घालवू नकोस.’ मी लिहिलं, ‘सोमवारी बाटलीत भरते.’ आत्या, एवढं वाचूनही तुला शंका आली नाही?

तेव्हा कृपा करून तिकीट रद्द कर, शिंप्याला थांबव आणि सगळ्यांना सांग की तंद्री होती तशीच आहे. तुझा हिरमोड होणार, त्याचं मला फार वाईट वाटतं. गुडघ्याला जप.

तुझी,
तंद्री

ता. क. : तिकीट लगेच रद्द करू नकोस.

ता. क. २ : काल दिवसभर माझा फोन वाजत होता. शेवटी काटेवाल्याने विचारलं, “एवढं अभिनंदन चाललंय, कोणाचं जमलं?” मी म्हटलं, “तेलाचं.” “हो का?” म्हणाला, आणि त्याने इतका मोठा श्वास सोडला की काट्यावरचे आकडे भिरभिरायला लागले. सात महिन्यांत त्याचा काटा कधी हलला नव्हता. मग मी आकड्यांकडे बघत राहिले, तो खिडकीकडे. ऊन टेबलावरून कधी सरकून गेलं, दोघांपैकी एकालाही कळलं नाही.

ता. क. ३ : शर्ट शिवू दे. शुक्रवारी ये. फक्त एक कर, त्याच्यासमोर तीन टक्क्यांहून जास्त बोलू नकोस.