तिसरा टेक

१४ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार, आणि वहिनीलाही सांग. इकडे सगळं ठीक, म्हणजे नेहमीसारखंच. पाठ धरलीय. खुर्ची बदल म्हणून वहिनी मागे लागली होती. खुर्ची बदलली, पाठ तीच राहिली. एडिटिंगच्या खोलीतला एसी पुन्हा बिघडलाय. दुरुस्तीवाला येतो, त्याच्याकडे बघून मान हलवतो आणि निघून जातो. माझंही हल्ली तसंच चाललंय.

काल सिनेमा शिकणारी आठ-दहा मुलं आली होती. पहिला प्रश्न ठरलेला, “मॅडम, तुमच्या सिनेमाचं सुरुवातीचं दृश्य एवढं डोळ्यांत का भरतं?” मी नेहमीचं सांगितलं. खिडकीवर तू जुनी चादर टांगलीस, त्यामुळे उजेड दुधासारखा खोलीभर पसरला. चार मिनिटं कुणी बोलत नाही. म्हातारी घड्या घालते, भिंतीवरचा फोटो काढते, आणि आपण फोटोकडे न बघता भिंतीवर उरलेल्या चौकोनाकडे बघत राहतो. मुलं भराभर लिहून घेत होती.

मग एका मुलीनं विचारलं, “ती दाराकडे जाताना धूसर होत जाते आणि रिकामी खुर्ची तेवढी स्वच्छ दिसते, हे कुणाला सुचलं?”

“माझ्या भावाला,” मी म्हटलं. घरी आले आणि न जेवता पडून राहिले.

दादा, ते कुणालाच सुचलं नव्हतं.

फोकस तिच्याबरोबर दारापर्यंत जायचा, असं ठरलं होतं. माझ्या वहीत तसं लिहिलेलं आहे. पहिल्या दोन टेकमध्ये ती सुरुवातीपासूनच पुसट आहे. चौथा-पाचवा तर बघवत नाही. प्रत्येक टेकनंतर तू “झकास!” म्हणालास. फोकसला वेगळा माणूस नको, कॅमेऱ्याबरोबर माझं मी बघतो, असा हट्ट धरलास तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलं होतं. त्याच्या आदल्या महिन्यात माझ्याकडे तू पाणी ग्लासाच्या बाहेर ओतलंस आणि वर हसून मलाच म्हणालास, “तुझं टेबल तिरकं आहे गं.”

त्यातल्या त्यात तिसरा टेक बरा होता. मास्तरांनी तो माझ्याकडे पाहिला. दिग्दर्शक असले तरी शाळेत शिकवायची सवय गेलेली नाही त्यांची. चूक लगेच दिसते. “हे मुद्दाम केलंय का गं?”

“मुद्दामच,” मी म्हटलं. “घर राहतं, बाई पुसली जाते.”

कसं कोण जाणे, तोंडातून सफाईनं निघून गेलं. पुढे हेच वाक्य पेपरात छापून आलं, आणि बक्षीस घेताना तूही तेच म्हणालास. पायऱ्या उतरताना तू निवेदिकेचा हात धरलास. लोकांना वाटलं, भरून आलंय. मी जोरात टाळ्या वाजवल्या. आपण दोघं त्यावर कधी एक अवाक्षर बोललो नाही.

बोललो नसतोही. पण शुक्रवारी मास्तर नव्या सिनेमाची सुरुवात सांगायला आले. धरणाची भिंत. समोरून मुलगी पळत येतेय आणि तू कॅमेरा घेऊन तिच्यापुढे उलटा चालतोयस.

“कठडा नाही तिथे,” ते खुशीत म्हणाले. “बघणाऱ्याचा श्वासच अडकेल.”

“दादा काय म्हणाला?”

“लगेच हो म्हणाला.”

दादा, तू हो म्हणालास!

मी सांगून टाकलं. वर्षभर त्याला नीट दिसत नाहीये, तो शॉट म्हणजे चूक होती, मी खोटं बोलले. मास्तरांनी चहा तसाच ठेवला. “मग मी तुला विचारलं होतं कशाला?” एवढंच म्हणाले आणि उठले. दारातून परत फिरले. “उजेड कुठे, कसा पडावा, हे त्याला अजून कळतं?”

“तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त.”

“मग कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देऊ. हा शेजारी बसून सांगेल. येईल तो?”

“ते त्यालाच विचारा,” मी म्हटलं. ते तुला गुरुवारी फोन करतील. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून आज लिहायला बसले. वहिनीला मी काही सांगितलेलं नाही, ते तू सांग. सोमवारी सकाळी दहाला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी न्यायला येईन. वाटल्यास महिनाभर बोलू नकोस माझ्याशी, पण दार उघड.

एवढा मजकूर एरवी दोन पानांत मावला असता, आज नऊ लागली. जाड पेन घेतलं आणि पाटीवर काढतात तेवढं मोठं अक्षर काढलं, कुणाकडून वाचून घ्यायची पाळी तुझ्यावर येऊ नये म्हणून.

तुला खोटं पाडणारी,
तुझीच धाकटी