सव्वाअकराची भिवंडी बस

आई, आज सुट्टी आहे आणि सकाळपासून कुणाशी एक शब्द बोलणं झालेलं नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली. मी पुन्हा भिवंडीला राहायला आले, हे तुला माहीत नाही. आपलं जुनं घर नाही, ते तर आपण सोडलंच होतं. त्याच्या शेजारी, तुझ्या मैत्रिणीच्या, खालाच्या घरातली तळमजल्याची खोली. मागचं दार उघडलं की बंदराच्या दगडी पायऱ्या आणि पुढे खाडी. ठाण्याच्या कचेरीतले लोक विचारतात, ठाण्यात स्वतःचा फ्लॅट असताना तुम्ही इतक्या लांब कशाला राहता. मी सांगते, तिकडे हवा चांगली आहे. तू हे ऐकलं असतंस तर हसली असतीस. ओहोटीच्या वेळी इथल्या हवेला कसला वास येतो ते तुला कुणी सांगायला नको.

आपण इथं राहत होतो तेव्हा मी सकाळी सात वीसच्या एसटीनं निघायचे. कशेळीच्या पुलाआधी गोदामांच्या ट्रकांची रांग लागलेली असायची. कधी तासाभरात ठाणं यायचं, कधी दोन तास लागायचे. संध्याकाळी तेच उलट. घरी येईतो साडेआठ व्हायचे आणि बहुतेक वेळा त्याच सुमाराला वीज गेलेली असायची. यंत्रमाग बंद पडले की गल्लीतला खडखडाट एकदम थांबायचा, मग मोहल्ल्यातल्या बायका हातपंखे घेऊन पायऱ्यांवर यायच्या. विहारातल्या आपल्या बायका, खाला आणि तिच्या जावा, मागवाल्यांच्या तेलुगू बायका. तू मधल्या पायरीवर बसलेली असायचीस. मला बघून म्हणायचीस, "बस जरा. वारं हाय." मी म्हणायचे, डोकं दुखतंय. आणि सरळ घरात जायचे. रोजच काही दुखत नसायचं. त्या बायकांत बसून काय बोलायचं ते मला कळत नसे.

तुला ते बरोबर कळायचं. मी सातवीत असताना शाळा सुटल्यावर तुझ्या खानावळीत यायचे, तेव्हा तू चुलीसमोर बसून भाकऱ्या थापायचीस आणि जेवायला आलेल्या प्रत्येक कामगाराला काही ना काही विचारायचीस. तुझी हिंदी मोडकीतोडकी, पण कुणाच्या गावी कोण आजारी आहे, कुणाची बायको बाळंत व्हायची आहे, सगळं तुला पाठ. एकदा मी एकाला "ओ, ताट उचला" असं तुसडेपणानं म्हणाले. तू भाकरी तव्यावर तशीच टाकून उठलीस, मला बाहेर ओट्यावर नेलंस आणि म्हणालीस, "दहा तास ड्युटी करून आलाय तो. त्याच्याशी बोलायला घरचं कुणी न्हाय हितं. तू अशी बोलतेस?" मारलं नाहीस. पण त्या दिवशी मला तुझ्याबरोबर परत यायची लाज वाटली, आणि मी पुढेपुढे चालत घरी आले.

फ्लॅट घेतला तेव्हा मला वाटलं होतं, मी तुझ्यासाठी काहीतरी मोठं केलं. चौथा मजला, लिफ्ट, चोवीस तास पाणी, कचेरी चालत वीस मिनिटांवर. तू सगळ्या खोल्या हिंडून पाहिल्यास, नळ सोडून पाहिलास आणि म्हणालीस, "बरं हाय." मग विचारलंस, "हितून खाडी कुठं दिसते?" मी तुला गच्चीवर नेलं. दोन इमारतींच्या मधून लांबवर एक करडी पट्टी दिसत होती. तू डोळ्यांवर हात धरून खूप वेळ बघत राहिलीस. मला वाटलं, तुला बरं वाटतंय.

वर्षभर आपलं ठीक चाललं आहे अशी माझी समजूत होती. मी सकाळी साडेनऊला निघते, संध्याकाळी सव्वासहाला येते, तू दार उघडतेस, चहा तयार असतो. तू पूर्वीपेक्षा कमी बोलतेस, पण ते वयामुळं असेल. मग एका मंगळवारी मला कचेरीत थंडी वाजून ताप भरतो आणि मी दुपारी एक वाजता घरी येते. दार बंद आहे. मी बेल वाजवते, हाका मारते. माझ्या किल्ल्या घरातच राहिल्या आहेत. मी जिन्यात बसते. समोरच्या बाई दार किलकिलं करतात आणि म्हणतात, "अहो, तुमच्या आई कामाला गेल्यात ना."

"कसल्या कामाला?"

"ते आम्हांला काय माहीत. रोज डबा घेऊन निघतात. पावणेअकराला. आम्हांला वाटलं, कुठेतरी नोकरी करतात."

सव्वापाचला तू लिफ्टमधून बाहेर आलीस. हातात कापडी पिशवी, तोंड उन्हानं रापलेलं, आणि तू स्वतःशीच हसत होतीस. मला बघितलंस तेव्हा ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, मग हळूहळू गेलं. तू आधी माझ्या कपाळाला हात लावलास. "ताप हाय तुला." मी तुझा हात बाजूला केला. विचारलं, कुठे होतीस. तू कुलूप काढता काढता सांगितलंस, "भिवंडीला. सव्वाअकराची गाडी मिळते. चारला परत निघते." रोज? "रविवार सोडून." कशाला? तू पिशवीतला डबा काढून मोरीत ठेवलास. "बसायला," म्हणालीस.

मी तुला काय काय बोलले ते तुला आठवत असेल. ज्या रस्त्यावर मी निम्मं आयुष्य घालवलं त्यातून तुझी सुटका केली, आणि तू रोज आपणहून त्याच रस्त्यानं जातेस. तुझा रक्तदाब, तुझे गुडघे. वाटेत काही झालं तर मला कोण कळवणार. तुला इथं काय कमी आहे. तू पुष्कळ वेळ ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "कमी काय न्हाय गं. पण हितं सकाळी तू गेलीस की संध्याकाळपर्यंत दार वाजत न्हाय." एवढंच. मी तुझ्या पिशवीतून एसटीचं अर्ध्या तिकिटाचं कार्ड काढून घेतलं. तहसील कचेरीत दोन खेपा घालून ते मीच तुला करून आणलं होतं. म्हटलं, हे माझ्याकडे राहील. कार्ड नसलं तरी पूर्ण तिकीट काढून तू जाऊ शकली असतीस. गेली नाहीस. माझ्यासाठी मऊ भात टाकलास आणि माझ्या उशाशी बसून राहिलीस.

कारणं मी पुष्कळ दिली, पण खरं सांगायचं तर मला तुझ्या गुडघ्यांची काळजी नव्हती. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा तू ज्या चेहऱ्यानं बाहेर आलीस, तो मी त्या घरात वर्षभरात पाहिला नव्हता. तुला जायला एक जागा होती. मला ठाण्यात नव्हती आणि भिवंडीतही नव्हती. मला तुझा हेवा वाटला.

नंतरचे आठ महिने तू घरीच होतीस. मी आले की दार उघडायचीस. चहा तयार असायचा. दिवसभर काय केलंस असं विचारलं की म्हणायचीस, "काय न्हाय." मला हे उत्तर पुरेसं वाटायचं. मग एक दिवस दुपारी कचेरीत समोरच्या बाईंचा फोन आला. त्यांनी दुधाच्या पिशवीसाठी आपली बेल वाजवली होती आणि तू दार उघडत नव्हतीस. एवढ्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच आपली बेल वाजवली होती.

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी मी मोहल्ल्यात सांगायला आले. विहारातल्या बायकांना कळलं होतं, त्या येऊनही गेल्या होत्या. पण खालाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारीला कोण सांगणार, म्हणून ते माझ्यावर ठेवलं होतं. ती मागच्या ओट्यावर बसली होती. तिचे डोळे इतके गेलेत हे मला माहीत नव्हतं. माझी चाहूल लागली तशी तिनं मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला. "आलीस काय गो? गुडघं बरं झालं?"

मी तशीच उभी राहिले. ती बोलतच होती. "फोन केलतास तो बरं केलंस. मी पोराला बोलले, गुडघं दुखतान तर नको येवा. लेक दवाखान्यात नेते, बरी लेक हाय तुझी. बस ना. उभी कशाला?"

मी बसले. तिनं चाचपडत माझा हात धरला, आणि बोटं फिरवल्याबरोबर तिला कळलं की हा हात तुझा नव्हे. भाकऱ्या थापून झालेले तुझे तळवे कुठे आणि माझे कुठे. "कोण तू?" तिनं विचारलं. मी सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं. ती रडली नाही. माझा हात तसाच धरून म्हणाली, "ती मला भरवायची, बेटी. नजर गेल्यापासून माझ्याच्यानं मासळीतला काटा काढवत नाय. सून देते टाकून, तिला वेळ नाय. तुझी आई यायची, काटे काढून ताट पुढं करायची, मग आमी दोघी जेवायचो. तू काय तिचा डबा बघितला नाय कधी?"

नव्हता बघितला. डबा दोघींचा होता, आणि मी तो आठ महिने बंद केला होता. तू तिला माझं नाव सांगितलं नाहीस. गुडघ्यांवर घातलंस.

वर्षाच्या आत मी फ्लॅट भाड्यानं दिला आणि खालाच्या खालच्या खोलीत राहायला आले. तिच्या मुलाला मी म्हटलं, कचेरीतून आल्यावर जमेल तसं तिच्याकडं बघत जाईन. मला माशाचे काटे काढायला नीट येत नव्हतं, पहिल्या आठवड्यातच तिच्या घशात एक अडकला. तिनं सुका भात गिळला आणि म्हणाली, "शिकशील." शिकले. रात्रीचं आम्ही एकत्र जेवायचो. ती गलबतांच्या गोष्टी सांगायची, तिच्या आजोबांच्या वेळी या पायऱ्यांशी साग आणि भात कसा उतरायचा ते सांगायची, आणि मी ऐकायचे. चार वर्षं. मग तीही गेली. तिच्या मुलानं मला खोली सोडायला सांगितलेलं नाही. वरचा कोरीव सज्जा त्यानं गेल्या वर्षी उतरवला, वाळवी लागली होती. पलीकडच्या दोन घरांच्या जागी आता इमारत आहे. वीज आता तशी जात नाही, त्यामुळं बायकाही पूर्वीसारख्या बाहेर येत नाहीत.

हे सगळं लिहून काय करायचं ते मला ठाऊक नाही. टाकायचं तर कुठं टाकणार. वहीतच राहील. पण एक गोष्ट तुला सांगायची होती, ती राहिलीच. हल्ली संध्याकाळी मी पायऱ्यांवर जाऊन बसते. नव्या इमारतीतल्या तीन-चार जणी येतात. परवा त्यांतली एक, नुकतीच राहायला आलेली, माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, रोज एकट्याच बसता का?" काहीतरी बरं बोलता आलं असतं. तू कुठली, मुलं किती, माहेर कुठं, तू असतीस तर पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं असतंस. माझ्या तोंडून निघालं, "नाही, आई येते आहे माझी मागून." ती बरं म्हणाली आणि माझ्या शेजारी तुझ्यापुरती जागा सोडून पलीकडे बसली. मी तिला खरं सांगितलं नाही.