पास पडू दे, देवा

६ सप्टेंबर, शनिवार

पडला! पुन्हा पास जमिनीवर पडला आणि माझे हात चक्क टाळी वाजवायला वर गेले. नशीब, वेळेवर भानावर आले. हात तसेच डोक्याला लावले आणि ‘ओ नो!’ म्हटलं. शेजारी कोलची आई बसलेली. मार्सी तिचं नाव. तिला वाटलं, मी हळहळतेय!

कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. कोल हा कॉलेजच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक – म्हणजे अमेरिकेतल्या ह्या हाताने खेळायच्या फुटबॉलमध्ये बॉल फेकणारा. आमचा सिद्धेश दोन नंबरचा. कोल जोवर मैदानात, तोवर सिद्धेश बाकावर. तीन वर्षं पोरगा पांढराशुभ्र युनिफॉर्म घालून बसतो आणि तसाच पांढराशुभ्र परत आणतो. हे त्याचं शेवटचं वर्ष. दर शनिवारी नेपरव्हिलच्या घरून एवढं ड्राइव्ह करून जायचं, ते काय त्याची पाठ बघायला?

तर यंदा कोलचे पास पडायला लागलेत. कुणाच्या हातातून निसटतात, कुणाच्या डोक्यावरून जातात, एक तर सरळ समोरच्या टीमच्या पोटात. सगळं स्टेडियम कण्हतंय आणि मी एकटी मनात लाडू वळतेय.

हरलो. येताना मी गाडीत गाणी लावली. रवींद्र म्हणाला, “शैलजा, हरलोय ना आपण?” मग आवाज कमी केला.

१३ सप्टेंबर

पास – भिकार. मी – मजेत. कोच – ढिम्म.

१४ सप्टेंबर, रविवार

सिद्धेशचा फोन. मी अगदी साळसूदपणे विचारलं, “काय रे, त्या कोलचं काय बिनसलंय?”

“इट्स नॉट हिम, आई. लाइनच होल्ड करत नाही यार. त्याला टाइमच मिळत नाही फेकायला. दे जस्ट फ्लॅटन हिम.”

लाइन म्हणजे पुढचे ते पाच धिप्पाड, ज्यांनी समोरच्यांना अडवून धरायचं असतं. ते अडवत नाहीत, म्हणून कोलच्या अंगावर दरवेळी चार-चार रेडे येऊन पडतात, असं त्याचं म्हणणं. असेल. पण स्वतःच्या जागेवर बसलेल्याची वकिली करणारा मुलगा माझ्याच पोटी का यावा? जरा म्हणून लबाडी नाही अंगात! बापावर गेलाय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बाळकृष्ण पाण्यात ठेवला.

आई ठेवायची, माझ्या बारावीच्या निकालाला. काम होईस्तोवर देव पाण्यात. पण आईने मी पास व्हावं म्हणून ठेवला होता, दुसऱ्याचं पोर आपटावं म्हणून नाही. हा बारीकसा फरक मला कळतो. म्हणून देवाला नीट समजावून सांगितलं – कोलला काही होता कामा नये, गुणी मुलगा आहे, माझी पिशवी नेहमी गाडीपर्यंत आणून देतो. फक्त पास पडावेत. बाकी त्याचं सगळं भलं कर.

पाणी कोमट घेतलं. उगाच देवाला कशाला गारठवा?

२० सप्टेंबर, शनिवार

देव आहे!!

असा खेळ मी जन्मात पाहिला नाही. पहिलाच पास रेफरीच्या पाठीवर. दुसरा बँडवाल्यांत. मी दुःखाने इतक्या वेळा मान हलवली की मानच दुखायला लागली.

बॉल हवेत गेला की मार्सी माझा हात गच्च धरते आणि डोळे मिटून घेते. बिचारी. तिच्या अंगठीचे वळ उठलेत माझ्या बोटांवर. एवढी शिक्षा मी आनंदाने भोगते.

२७ सप्टेंबर

जिंकलो. सत्यानाश! एकही पास धड नाही, नुसता बॉल काखेत मारून पळत सुटले आणि जिंकले. कोच हसत होता. आता कशाला बदलतोय क्वार्टरबॅक?

४ ऑक्टोबर, शनिवार

मॅच संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये सगळे पालक खाणं मांडतात. मी शंकरपाळे नेले होते. मार्सीने अर्धा डबा संपवला. खाता खाता एकदम विचारते, सिडला (सिद्धेशला इथे सगळे सिडच म्हणतात) खेळावंसं वाटत असेल ना?

मी म्हटलं, “नो नो! सिड इज व्हेरी हॅपी!” इतक्या जोरात म्हटलं की शंकरपाळ्याचा ठसका लागला. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. ओळखलं की काय? दुसरा अख्खा डबा तिच्या हातात दिला आणि सटकले.

खरं सांगू? ही बाई मला आवडायला लागलीय. हे बरं नव्हे.

११ ऑक्टोबर, शनिवार

रवींद्रने पकडलं. सकाळी चहा करताना म्हणतो, “सिंकशेजारी भांड्यात बाळकृष्ण का बसलाय?”

“घासायला भिजवलाय.”

“तीन आठवडे?”

सांगितलं मग सगळं. वाटलं, आता प्रवचन ऐकावं लागणार. तर हा गंभीरपणे चष्मा पुसत म्हणाला, “पाणी रोज बदलतेस ना? शिळ्या पाण्याने काम होणार नाही.”

एवढ्या वर्षांच्या संसारात मला हा माणूस आज पहिल्यांदा पूर्णपणे पटला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

स्वयंपाक नंतर. लिहितेच.

हाफटाइमनंतर कोल बाहेर आणि सिद्धेश आत! रवींद्र उभाच राहिला, खाली बसेचना. पहिला पास पडला, पण तो वाऱ्यामुळे. दुसऱ्याला पोरगा आडवा झाला, उठला. मग एक फेकला – लांब, अगदी टोकापर्यंत – आणि तिकडे आपल्याच टीमच्या पोराने तो धावता धावता छातीशी धरला! मी मराठीत किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही, पण पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून बघितलं.

मग मार्सीची आठवण झाली. घाबरत घाबरत बघितलं. ती हसत होती! डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. किती मोठ्या मनाची बाई! मला माझीच लाज वाटली. जरा वेळ.

सिद्धेश तीन-चारदा तरी आपटला. युनिफॉर्म हिरवा-काळा, कोपरावर रक्त. किती देखणा दिसत होता! कोच म्हणाला, पुढच्या शनिवारी सिड सुरुवातीपासून.

घरी आल्या आल्या बाळकृष्णाला पुसून देव्हाऱ्यात ठेवलं. चकलीचा नैवेद्य.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

मार्सीचा फोन. ओवाळणीचं ताट तसंच राहिलं.

गेल्या वर्षी कोलच्या डोक्याला दोनदा मार बसला होता. अजूनही डोकं दुखतं, कधी कधी शब्द सापडत नाहीत. कोचला सांगितलंस तर पुन्हा घरी येणार नाही, असं त्याने तिला बजावलेलं. म्हणून ती दर शनिवारी माझा हात धरून देवाकडे मागत होती – पास पडू दे, कोच ह्याला बाहेर काढू दे. रडत होती. “ती लाइन कुणालाच अडवत नाही, शैलजा. आता सिडसाठी प्रार्थना करीन.”

मला खूप भीती वाटली. लगेच सिद्धेशला फोन लावला. विचारलं, डोकं दुखतंय का रे?

“आय ॲम फाइन, आई,” म्हणाला. जरा जास्तच पटकन.