गाडीचा अर्थ

प्रिय नाना,

पारोळ्याच्या एका गॅरेजातून आत्ताच घरी, धुळ्याला आले. हाताचं ग्रीस अजून पुरतं निघालेलं नाही. उद्या सकाळी अमळनेरला आईकडे जायचंय, आणि तिच्यासमोर उभं राहण्याआधी तुमच्याशी बोलून घ्यायला हवं. तुमच्यावर थोडी रागावले आहे. माझ्यावर जास्त.

गाडी माझ्या हाती देताना तुम्ही बजावलं होतंत, हिच्यावर जादा भार टाकू नको. मी मोठे दिवे लावले, एसी बसवला. बॅटरी उतरायला लागली, तेव्हा धुळ्यातच एकाकडून मोठा अल्टरनेटर टाकून घेतला. जन्मभर गाड्यांचं वायरिंग केलेल्या बापाला विचारलंसुद्धा नाही! नानांचे हात थरथरतात, त्यांना कशाला त्रास, असं सगळ्यांना सांगत होते. खरं सांगू? मला घाई होती, आणि तुम्हाला एक वायर बदलायला तीन चहा लागायचे.

तुम्ही बॉनेट उघडून एकदाच म्हणालात, "डायनामो मोठा नि वायर त्याच?" अल्टरनेटरला तुम्ही शेवटपर्यंत डायनामोच म्हणालात. मी विषय बदलला. तुम्ही बॉनेट हळूच बंद केलंत. तेव्हा रागवायचं होतंत ना!

जळगावच्या दवाखान्यात तुम्हाला नेलं तेही त्याच गाडीतून. दम लागलेला, तरी तुमची नजर सारखी बॅटरीच्या मीटरकडे. मला वाटलं, ग्लानीनं मान खाली जातेय. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हात धरून तुम्ही म्हणालात, "बाई, काहीच अर्थ राह्यना नही. बठ्ठं ढिलं शे."

आता मी पडले मराठीची शिक्षिका. अर्थ उरला नाही, सगळं ढिलं झालंय, यात मला दुसरं काय ऐकू येणार? मी रडत रडत तुम्हाला समजावू लागले, की असं बोलू नका, तुमच्या कष्टांना अर्थ आहे, आम्ही आहोत. चुकीचा पाना आणून देणाऱ्याकडे पाहायचात, तसं तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि कूस बदललीत. संध्याकाळी तुम्ही गेलात. नाना, 'गाडीले' एवढा एक शब्द जास्त बोलला असतात तर?

ते वाक्य मी गंधमुक्तीला, सुतक फिटायच्या दिवशी, भर मंडपात सांगितलं. नानांसारख्या कष्टाळू माणसालाही शेवटी सगळं निरर्थक वाटलं, असं बोलले. लोकांनी माना हलवल्या. आई समोरच बसली होती, पण मी माझ्याच भाषणात इतकी बुडाले होते, की तिच्याकडे पाहिलंच नाही.

महिन्याभरानं भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मन्हासंगे इतला वरीस काढात, तरी त्यासले काही अर्थ नही वाटना?" तेव्हापासून ती रोज तुमच्या फोटोला फूल वाहते, पण तुमच्याविषयी अवाक्षर काढत नाही. पूर्वी तिच्या दर दुसऱ्या वाक्यात 'तुना बाप' असायचा. आठ महिने झाले, नाना. घर फार गप्प झालंय.

आज शाळेच्या कामासाठी पारोळ्याला गेले, तर परत निघताना गाडी स्टँडजवळच बंद पडली. समोरच एक इलेक्ट्रिकवाले होते, तुमच्याच वयाचे. त्यांनी बॉनेट उघडलं, एक काळी वायर नुसती हलवली आणि म्हणाले, "अक्का, गाडीले अर्थच राह्यना नही. बठ्ठं ढिलं शे."

मी तिथल्या टायरांच्या थप्पीवर बसले. त्यांना पुन्हा बोलायला लावलं. मला कळलं नाही असं वाटून त्यांनी अगदी वर्गात शिकवावं तसं समजावलं. इंजिनाकडून बॉडीला जाणारी अर्थची, म्हणजे अर्थिंगची, वायर हिरवी पडली होती, बोल्ट बोटानं फिरत होता. अल्टरनेटर मोठा झाला, पण त्याचा करंट वाहून न्यायला वायरी त्याच जुन्या, बारीक. तुमच्या दुकानात हा 'अर्थ' मी लहानपणी दिवसातून शंभरदा ऐकला होता! शाळेत शिकवायला लागले आणि विसरले.

मला हसू फुटलं, मग रडू आवरेना. ते बिचारे म्हणाले, "रडू नका अक्का, गाडी बरी व्हई जाई." त्यांनी तीन जाड वायरी टाकल्या. अल्टरनेटरकडून बॅटरीला एक, तिला बॅटरीजवळ फ्यूज. बॅटरीकडून बॉडीला एक, इंजिनाकडून बॉडीला एक. जोडाच्या जागेवरचा रंग मी स्वतः पॉलिश पेपरनं खरवडला. मग एसी, दिवे, सगळं लावून मीटर पाहिला. काटा जराही खाली उतरला नाही.

म्हणजे जाताना तुम्ही आयुष्याला नावं ठेवत नव्हतात. पोरगी ह्या गाडीतून एकटी घरी परत जाणार, एवढीच तुमची काळजी होती. आणि मी तुम्हाला तत्त्वज्ञान ऐकवत बसले! माफ करा, नाना.

उद्या आईला सगळं सांगेन, हा माझा शब्द. भाषण करणार नाही. आधी 'मी चुकले' म्हणेन, मग तुमचं वाक्य 'गाडीले' जोडून तिला ऐकवेन. ती मला शिव्या घालेल, मग तुम्हालाही घालेल. घालू दे. निदान तिच्या तोंडी 'तुना बाप' पुन्हा येईल.

तुमची,
सुनंदा