निळज्याच्या चढावरचा पंचा

४ फेब्रु. ९२
गुडघा ठणकतोय. तरी निळज्याला गेलो. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण दिवा-पनवेल लाइनच्या डोंगराकडे पाय वळतातच. सुमन म्हणते, "उभा जन्म इंजिनात गेला, अजून पोट भरलं नाही?" नाही भरलं. आज एकच मालगाडी. सिमेंट. ड्रायव्हरने चढावर घाई केली, चाकं जागच्या जागी फिरली. तोंडात शिवी आली.

११ फेब्रु.
डोंबिवली स्टेशनबाहेर सावंत. सहा वर्षं माझा असिस्टंट, आता स्वतः मालगाडी चालवतो. पुढच्या महिन्यात पॅसेंजरवर बढती. माझं जुनं डिझेल इंजिन भंगारात जाणार म्हणाला. "शुक्रवारी शेवटचं घेऊन जातोय, उस्ताद. तीनच्या सुमारास. या बघायला."

१४ फेब्रु.
काय करून बसलो!
गाडी दिसायच्या आधीच आवाज ओळखला. तीच धाप, तोच काळा धूर. इतका आनंद झाला की खांद्यावरचा पंचा काढून गरागरा फिरवला. सावंतने करकचून ब्रेक लावले. बरोबरच केलं. रुळाकाठी कुणी काहीही जोरात हलवलं की धोका समजून थांबायचं, रंग बघत बसायचं नाही. हे त्याला मीच शिकवलं!
त्याचा असिस्टंट धावत आला. "काय झालं?" म्हटलं, काही नाही. चढावर थांबलेला लोड इंजिनाला परत उचलेना. अर्धे डबे ठेवून दोन खेपांत नेले. लाइन अडीच तास बंद. सावंतने माझ्याकडे पाहिलंही नाही. घरी बोललो नाही.

१८ फेब्रु.
कल्याणला सावंतच्या क्वार्टरवर. चौकशी लागली आहे. त्याने लिहून दिलंय, 'अनोळखी वेडसर इसमाने पंचा हलवला.'
"माझं नाव घाल. मी येऊन सांगतो."
"आता काय सांगता, उस्ताद? अनोळखी लिहून बसलोय. तुम्ही आलात की मी खोटा ठरलो. बढती गेलीच समजा."
मला वाचवायलाच लिहिलं त्याने. तरी राग आला. बत्तीस वर्षं सर्व्हिस, एक डाग नाही, आणि शेवटी वेडसर.

२० फेब्रु.
सुमनला सांगितलं. "गप्प बसा. त्याच्या संसारात माती कालवू नका." गप्प बसायचं ठरवलं. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२४ फेब्रु.
सावंतचा फोन, शेजाऱ्यांकडे. निळज्याचा एक वेडा, बळीराम, पोलिसांनी पंच्यासकट उचलला. उद्या अकराला चौकशीत सावंतपुढे उभा करणार. हाच का तो, विचारणार.
"तू काय म्हणणार?"
"उस्ताद, तुम्ही उद्या येऊ नका."
दुपारी निळज्याला गेलो. बळीरामची म्हातारी आई ओट्यावर वाल सोलत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी रेल्वेतलं ना? सांगा ना तेंना. माजा पोऱ्या रुलावं जात नाय. त्याला गारीचा भ्याव हाय."
पाणी दिलं तिने, प्यायलो.

२५ फेब्रु. सकाळी
रात्री सुमनला बळीरामचं सांगितलं. झोप नाही. सावंतचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही, म्हातारीचाही. दोघांपैकी एकाला बुडवणार मी.
साडेनऊ. दाढी केली. सुमनने शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय. कुठे जाताय, विचारलं नाही.